माळ्यावरची जुनी सायकल उभी करायची की सरळ नवी घ्यायची?

सायकलवेडे चार लोक जमले की पाचव्या मिनिटाला मोबाईल बाहेर निघतात आणि आपापल्या सायकलींचे फोटो सुरू होतात, आणि फोटो कसाही काढलेला चालत नाही बरं का, चेनची बाजू समोर पाहिजे, क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आडवा पाहिजे, चेन पुढच्या मोठ्या चकतीवर पाहिजे, दोन्ही चाकांचे वॉल्व्ह बरोब्बर खाली आणि मागे भिंत साधी. आता गंमत अशी की त्या फोटोत बारा स्पीडची, वायरी सगळ्या पोटात घेतलेली काळी कुळकुळीत कार्बनची सायकल असली तर लोक "भारी आहे" म्हणतात आणि पुढे सरकतात, पण कोणी चाळीस वर्षांपूर्वीची, नळ्यांच्या सांध्यांवर नक्षीदार लग, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या खोळी, असलेली, पुढे पितळी बिल्ला मिरवणारी स्टीलची सायकल दाखवली की मग थांबतच नाहीत कोणी, "माझ्याकडे अशीच होती", "आमच्या काकांनी भंगारात घातली", "तो हिरवा रंग आता बघायला मिळत नाही". हे सगळं ऐकून ज्याच्या माळ्यावर एखादी पडलेली असते त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो, की उभी करू का आपली पण? का तेवढ्याच खटाटोपात नवीच घेऊ?

हे त्याच माणसासाठी लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. वजन, गिअर, ब्रेक यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण यातलं बहुतेक सगळं बदलता येतं. जे बदलता येत नाही ते आधी बघायचं, आणि त्या फक्त तीन गोष्टी आहेत: फ्रेम तुमच्या मापाची आहे का, सीटची दांडी हलते का, आणि फ्रेम सरळ आहे का. तिन्ही होकार असतील तर जुनी उभी करण्यासारखी आहे, मग फक्त ती कुठे चालवणार तेवढं बघायचं. एक जरी नकार आला तर नवीकडे बघायला लागा, आणि जुनी भिंतीवर टांगा, तीही छान दिसते.

माप. जुन्या सायकली एकाच आकड्यावर विकल्या जायच्या, सीटट्यूब, म्हणजे सीटखालची उभी नळी, किती लांब, २१ इंची, २३ इंची, बास. वरची नळी बहुतेक आडवी असायची, त्यामुळे सायकल दोन्ही पायांत धरून उभं राहिलात आणि नळी खालून टोचत असेल तर विषय तिथेच संपला, ती फ्रेम तुमच्यासाठी मोठी आहे, मग ती वडिलांची असो नाहीतर आजोबांची. सीट खाली घेऊन भागवू असं वाटतं, पण मग हँडल लांब पडतं आणि तासाभरात मान आखडते. नव्या सायकलीचा इथे खरा फायदा आहे, एकाच मॉडेलचे पाच-सहा साइज असतात, प्रत्येकाचा स्टॅक आणि रीच छापलेला असतो, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून (क्रँक जिथे फिरतो ती खालची जागा) हेडट्यूबचं (हँडलखालची पुढची आखूड नळी) वरचं टोक किती उंच आणि किती पुढे, हे घरबसल्या कळतं. वरची नळी उताराची असल्यामुळे बुटक्या माणसांची सोय झालीय. जुनीकडे एक गोष्ट मात्र चांगली होती, हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल धरणारा भाग, हेडट्यूबच्या आत सरकणारा असायचा, एक बोल्ट ढिला केला की हँडल वरखाली. नव्या थ्रेडलेस, म्हणजे फोर्कच्या नळीवर बाहेरून आवळायच्या, स्टेमला उंची वाढवायची तर खाली स्पेसरच्या कड्या घालाव्या लागतात, आणि फोर्कची नळी आधीच आखूड कापलेली असेल तर बसा बोंबलत.

आता सीटची दांडी, म्हणजे सीटपोस्ट. हे कोणी आधी बघतच नाही, आणि इथेच सगळं अडतं. सीटखालचा नट ढिला करा, सीट दोन्ही हातांनी धरा आणि डावीउजवीकडे पिळा. फिरली तर अर्धा गड सर झाला. नाही फिरली तर काय झालेलं असतं, की अॅल्युमिनियमची दांडी आणि स्टीलची नळी वर्षानुवर्षं ओलाव्यात एकमेकांना खेटून बसलेल्या असतात, दोन वेगळे धातू आणि मध्ये घाम-पाणी, म्हणजे तिथे चक्क एक छोटी बॅटरीच तयार होते, त्यात अॅल्युमिनियमचा बळी जातो, त्याचा पांढरा भुगा जागा जास्त घेतो आणि दांडी आत जाम. गंज सोडवणारं पातळ तेल वरून सोडायचं, मग सायकल उलटी करून, बॉटम ब्रॅकेट काढून, तिथूनही आत सोडायचं आणि दोनचार दिवस तसंच राहू द्यायचं. मग फ्रेम उलटी धरून दांडीचं टोक पक्क्या व्हाइसमध्ये आवळायचं आणि अख्खी फ्रेमच फिरवायची, फ्रेमची लांबी तरफेसारखी कामाला येते. तरीही नाही निघाली तर कॉस्टिक सोड्याने अॅल्युमिनियम विरघळवणारे लोक आहेत, पण त्यात हायड्रोजन निघतो, कातडी भाजते, डोळ्यात गेलं तर संपलंच, त्यामुळे ज्याने आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या किंवा सोडून द्या. हँडलच्या स्टेमचंही तेच, फक्त तो जरा लवकर सुटतो, वरचा बोल्ट दोनतीन आटे ढिला करायचा आणि त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून एक टोला हाणायचा, आतली पाचर खाली पडते.

दांडी निघाली की तिच्यावरचा आकडा वाचा. दांडीच्या व्यासावरून नळ्या कशा आहेत याचा अंदाज येतो, कारण नळी पातळ असेल तर आतलं भोक मोठं. २७.२ मिलिमीटर असेल तर बहुतेक चांगल्या बटेड नळ्यांची फ्रेम तुमच्या हातात आहे. बटेड म्हणजे टोकांना जाड, मध्ये पातळ. ही युक्ती १८९७ सालची, रेनॉल्ड्सच्या पेटंटची, आणि त्याच कंपनीने १९३५ मध्ये आणलेलं ५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनम स्टील म्हणजे जुन्या लोकांच्या गप्पांमधलं दैवतच, सीटट्यूबवरचा तो ५३१ चा स्टिकर फाटका का असेना, दिसला की लोक फोटो झूम करून बघतात. दांडी २५.४ वगैरे निघाली तर साध्या जाड स्टीलची फ्रेम असणार. दुसरी खूण मागच्या ड्रॉपआउटची, म्हणजे मागचं चाक ज्या खाचांत बसतं त्यांची, ते जाड, घडीव आणि त्यावर कॅम्पाग्नोलो, सनटूर, शिमानो असं पार्ट बनवणाऱ्या कंपनीचं नाव कोरलेलं असेल तर बनवणाऱ्याने हात आखडता घेतलेला नाही, आणि पत्र्यातून कापलेले चपटे असतील तर ती रोजच्या वापराची सायकल. जाड स्टीलची असली म्हणून टाकून देऊ नका, फक्त तिच्यावर रेसिंगचे महाग पार्ट चढवत बसू नका.

तिसरं, सरळ आहे का. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. एक लांब दोरा घ्या, मागच्या एका ड्रॉपआउटला बांधा, तिथून पुढे नेऊन हेडट्यूबला वळसा घाला आणि परत आणून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. आता दोरा आणि सीटट्यूब यांच्यामधलं अंतर डावीकडे मोजा, उजवीकडे मोजा. सारखं आलं किंवा एखाद मिलिमीटर इकडेतिकडे, तर फ्रेम सरळ. त्यापेक्षा जास्त फरक असेल तर मागचा भाग एका बाजूला गेलाय, स्टील असल्यामुळे जाणकार माणूस तो परत ओढून सरळ करू शकतो, अॅल्युमिनियम किंवा कार्बनमध्ये हा प्रकार करायचाच नाही. मग हेडट्यूबच्या लगेच मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाखालून बोट फिरवा. तिथे बारीक सुरकुती लागली, किंवा रंग आडवा तडकलेला दिसला, तर ती सायकल कधीतरी समोरून जोरात आपटलेली आहे. अशी फ्रेम फोटोपुरती ठेवा. नव्या कार्बनचं उलटं दुखणं आहे, बाहेरून ठणठणीत दिसते आणि आत थर सुटलेले असू शकतात, म्हणून सेकंडहँड कार्बन घेताना माझा हात आखडतो आणि सेकंडहँड स्टील घेताना फारसा नाही, स्टीलला काही झालं असेल तर बहुतेक वेळा ते दिसतं.

इथपर्यंत पास झाली असेल तर पुढचा प्रश्न, पार्ट मिळतील का. बसतील का हे जास्त महत्त्वाचं आहे खरं तर. नवी सायकल दुकानातून आली की पहिली पाच वर्षं हा विचारच करावा लागत नाही. जुनीच्या बाबतीत मात्र नुसतं "२६ इंची टायर द्या" म्हणून चालत नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरात आकडा असतो, तो बघायचा. माउंटन बाइकचं २६ इंची म्हणजे ५५९, जुन्या तीन गिअरवाल्या सायकलीचं २६ बाय १⅜ म्हणजे ५९०, आणि हे दोन्ही २६च म्हणवतात! दांडीच्या ब्रेकवाली (वायरऐवजी लोखंडी दांडीने ओढला जाणारा ब्रेक) काळी उंच सायकल असते तिचं २८ बाय १½ म्हणजे ६३५, जुन्या दहा स्पीडवाल्यांचं २७ इंची म्हणजे ६३०, आणि आजचं ७०० सी म्हणजे ६२२, आणि हेच ६२२ माउंटन बाइकवर गेलं की त्याला २९ म्हणतात. कोणी ठेवली ही नावं देव जाणे. हा तीन आकडी नंबर म्हणजे रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये, त्यावर विश्वास ठेवा, इंचांवर नको. २७ इंची चाकं काढून ७०० सी घालता येतात का, तर बऱ्याचदा येतात, व्यासात ८ मिलिमीटरचा फरक म्हणजे ब्रेकचे रबर ४ मिलिमीटर खाली सरकवावे लागतात, ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा असली की झालं. टायरची निवड मग कितीतरी वाढते.

मागच्या चाकाची जागाही मोजा, दोन ड्रॉपआउटमधली आतली रुंदी. पाच स्पीडचा फ्रीव्हील, म्हणजे मागे पाच दातेरी चकत्यांचा संच, असेल तर साधारण १२० मिलिमीटर, सहा-सातला १२६, आठपासून पुढे रोड सायकलीला १३०, माउंटनला १३५, आणि आजच्या डिस्कवाल्या रोड सायकलीला १४२ आणि तोही जाडजूड थ्रू-अॅक्सल, म्हणजे आरपार जाणारा आस. स्टीलची फ्रेम १२६ वरून १३० ला थोडी फाकवून नेता येते, पुष्कळ लोक करतात. १४२ चं स्वप्न बघू नका.

आणि बॉटम ब्रॅकेटचे आटे. ही खरी गल्ली आहे जिथे माणूस हरवतो. इंग्लिश पद्धतीचे आटे १.३७ इंच, इंचाला २४, आणि त्यात उजवीकडचा कप, म्हणजे छर्रे बसतात ती वाटी, उलट्या आट्यांचा, म्हणजे तो काढायला पाना घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. इटालियन ३६ मिलिमीटर आणि दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या. फ्रेंच ३५ मिलिमीटर, आटे वेगळे, तेही दोन्हीकडे सरळ. ओळखायचं कसं? कपच्या कडेवर बऱ्याचदा कोरलेलं असतं, १.३७ बाय २४ किंवा ३६ बाय २४ असं, त्यामुळे आधी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन कड स्वच्छ करा, वाचा, मगच हातभर लांबीचा पाना लावून जोर काढा. इंग्लिश निघाले तर निश्चिंत, आजही नवं सीलबंद बॉटम ब्रॅकेट सहज बसतं. फ्रेंच निघाले तर जुनेच कप-कोन साफ करून, नवे छर्रे आणि ग्रीस भरून चालवणं सगळ्यात शहाणपणाचं. क्रँक कॉटर पिनवाला, म्हणजे पाचरीसारख्या पिनेने अडकवलेला, असेल तर पिन कुठली तेही बघून घ्या, इंग्लिश ९.५ मिलिमीटर, फ्रेंच ९, अर्ध्या मिलिमीटरचा फरक दिसत नाही पण बसत नाही.

ब्रेकचं काय

यात वाद नाही, नवी जिंकते. पण किती फरकाने जिंकते ते जुनीचे रिम कशाचे आहेत यावर आहे. क्रोम केलेले चकचकीत स्टीलचे रिम कोरड्यात ठीक, पावसात मात्र ब्रेक दाबला की सायकल आधी विचार करते आणि मग थांबायचं का ते ठरवते. ओल्या क्रोमवर रबर नुसतं घसरतं, म्हणून त्या काळी चामडं लावलेले ब्रेकशूसुद्धा निघाले होते. जुनी उभी करताना एकच खर्च परवडणार असेल तर तो अॅल्युमिनियमचे रिम आणि चांगले नवे रबर यावर करा, बाकी रंगबिंग नंतर. त्याच जुन्या ब्रेकला नवी वायर, नवी केसिंग आणि अॅल्युमिनियमचा रिम मिळाला की ओळखू येत नाही इतका फरक पडतो.

हायड्रॉलिक डिस्कसारखा एका बोटाने, पावसात, उतारावर, ओझ्यासकट थांबायचा भरवसा मात्र त्यातूनही येत नाही, हे कबूल करायला लागेल. रोडच्या व्यावसायिक शर्यतींमध्ये डिस्कला कायमची परवानगी मिळायला २०१८ उजाडलं, तोवर जुने लोक नाकं मुरडत होते, आता सगळे डिस्कवरच. डिस्कचा त्रास वेगळा, चकती जराशी वाकली की सतत श्रिंग-श्रिंग आवाज, पॅडला तेलाचा हात लागला की पॅड गेलं, आणि आतलं तेल प्रत्येक कंपनीचं वेगळं, कोणाचं मिनरल तर कोणाचं डॉट, एकात दुसरं घातलं तर सील फुगून ब्रेक बाद. दाट रहदारीतून किंवा घाटातून रोज जायचं असेल तर मी नवीच घ्या म्हणेन, इथे आठवणींचं काही चालत नाही.

गिअर

जुन्या दहा स्पीडच्या सायकलीला खालच्या नळीवर दोन चिमुकल्या दांड्या असतात. हात हँडलवरून काढायचा, दांडी अंदाजाने ओढायची, चेन खडखडली की केसभर मागे घ्यायची. टकटक क्लिक नाही काही नाही. शिकायला दोन दिवस लागतात आणि नंतर त्याची मजा येते, शिवाय क्लिक नसल्यामुळे मागे पाच चकत्या असोत नाहीतर आठ, दांडीला काही फरक पडत नाही. क्लिकवाले गिअर शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस या आपल्या वरच्या दर्जाच्या संचावर नीट चालवून दाखवले, आणि त्यामागे एक किस्सा आहे, सनटूरने १९६४ मध्ये तिरक्या चौकटीच्या डिरेलरचं, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाचं, पेटंट घेतलं होतं, तो डिरेलर चकत्यांच्या उताराला धरून सरकायचा म्हणून गिअर अलगद पडायचा, ते पेटंट १९८४ मध्ये संपलं आणि मग बाकीच्यांना रान मोकळं झालं. म्हणून तुमच्या माळ्यावरच्या सायकलीला सनटूरचा डिरेलर असेल, भले स्वस्तातला, तर तो काढून फेकू नका, त्या काळातल्या नावाजलेल्या इटालियन डिरेलरपेक्षा तो गिअर चांगले टाकतो. ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअर आला तो १९९० मध्ये.

चढावर मात्र जुनी रेसिंग सायकल जीव काढते. पुढे ५२-४२ दात्यांच्या चकत्या आणि मागे सगळ्यात मोठी चकती २८, म्हणजे सगळ्यात हलका गिअर ४२ भागिले २८, दीड. पायडलच्या एका फेरीत चाक दीड वेळा फिरणार, सव्वातीन मीटरच्या आसपास पुढे जाणार. आजच्या साध्या रोड सायकलीला ३४ आणि ३४, एकास एक, एका फेरीत दोन मीटरपेक्षा थोडं जास्त. कागदावर फरक छोटा वाटतो, चढावर गुडघे सांगतात. वय पन्नाशीच्या पुढे असेल आणि समोर डोंगर असतील तर हा एकच मुद्दा पुरे आहे. मध्यममार्ग म्हणजे पुढच्या चकत्या बदलायच्या, क्रँकवर छोटी चकती बसत असेल तर जुनीलाही आराम पडतो.

तीन गिअरचा हब (चाकाच्या मधला भाग, गिअर त्याच्या पोटातच) असलेली साधी सायकल ही वेगळीच जात. असे हब बनवणारी स्टर्मी-आर्चर कंपनी १९०२ पासूनची, त्यांचा एडब्ल्यू हब १९३६ मध्ये आला, मधला गिअर सरळ, खालचा २५ टक्के हलका, वरचा ३३ टक्के जड. याला चेन सोडून बाहेर काहीच नाही, पाऊस-चिखलाचं भय नाही, हबवर एक छोटं झाकण असतं त्यातून अधूनमधून थोडं पातळ तेल सोडायचं, ग्रीस नाही. सपाटीवर राहत असाल आणि घरात अशी एक असेल तर नवी घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही.

वजनाबद्दल फार लिहीत नाही. चांगल्या स्टीलची जुनी रेसिंग सायकल साधारण १० किलो, आजची बरी कार्बन ८ च्या आसपास, दांडीच्या ब्रेकवाली काळी सायकल २० च्या घरात. शर्यतीत पळवायच्या सायकलीला ६.८ किलोपेक्षा हलकी चालणार नाही असा जागतिक संघटनेचा नियम २००० पासून आहे, आणि शर्यतवीर एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाला ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला ती कोल्नागोने बनवलेली स्टीलची सायकल सहा किलोच्याही आत होती. ट्रॅकची होती, ब्रेक-गिअर काही नव्हतं, ते खरं, पण पुढच्या वेळी कोणी "स्टील म्हणजे जड" म्हणाला की हे फेकून मारा. त्या दोन किलोंपेक्षा टायरचा फरक अंगाला जास्त जाणवतो. जुन्या २७ बाय १¼ ला ३२ मिलिमीटर रुंद टायर यायचे, मधल्या काळात सगळे २०-२३ च्या सुतळ्यांवर हाडं खिळखिळी करून घेत होते, आणि आता फिरून सगळे २८-३२ वर आलेत. त्यामुळे सत्तरच्या दशकातली सायकल असेल तर तिच्यात रुंद टायर आणि मडगार्ड दोन्हीला जागा असते, ऐंशीतल्या घट्ट रेसिंग फ्रेममध्ये नसते.

देखभालीत मला जुनी आवडते, आणि इथे मी निष्पक्ष नाही. चार पाने, कोन खोलायचे पातळ पाने, ग्रीसचा डबा, छर्रे, एवढ्यात अख्खी सायकल जमिनीवर सुटी करून परत जोडता येते. नव्या महागड्या सायकलींमध्ये ब्रेकचा पाइप हँडलमधून, स्टेममधून, हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या, बेअरिंगमधून आत जातो. दिसायला काय सुंदर! आणि मग वरचं एक बेअरिंग पावसाने खराब झालं की ते बदलायला ब्रेकचा पाइप सोडवा, तेल काढा, परत भरा, हवा काढा. शिमानोचे बॅटरीवरचे गिअर २००९ पासून बाजारात आहेत, चालतात अप्रतिम, पण वीस वर्षांनी त्याची बॅटरी आणि जोडणी कोण देणार हा प्रश्न मला पडतो. त्यामुळे नवी घ्यायची तर बाहेरून वायर, साध्या आट्यांचा बॉटम ब्रॅकेट आणि बदलता येणारा हँगर, म्हणजे डिरेलर लटकतो तो तुकडा, असलेली बघा, फोटोत थोडी कमी चकाचक दिसेल. चेन मात्र दोघींचीही मोजत राहा, साधी फूटपट्टी लावायची, पिनेपासून पिनेपर्यंत बारा जोड (आतली आणि बाहेरची कडी मिळून एक) बरोबर १२ इंचांत बसले पाहिजेत, १/१६ इंच जास्त भरले की चेन बदला, १/८ झालं की मागच्या चकत्याही गेल्या.

राहिला मिरवण्याचा भाग, तो खोटा नाही, सायकल काढण्यामागे अर्धं कारण तेच असतं. इथे नवी सायकल हरणारच, कारण तीच सायकल तशीच्या तशी हजारोंकडे आहे. पण जुनी दाखवायची तर तिचं वय माहीत पाहिजे, लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. स्टर्मी-आर्चर हबवर साल छापलेलंच असतं. शिमानोच्या पार्टच्या मागे दोन अक्षरं असतात, पहिलं सालाचं, ए म्हणजे १९७६ आणि पुढे क्रमाने, दुसरं महिन्याचं, म्हणजे जेसी असेल तर मार्च १९८५. कॅम्पाग्नोलोच्या डिरेलरवर पेटंटच्या पुढे दोन आकडे असतात, तेही सालाचेच. अर्थात हा पार्टचा जन्म, फ्रेमचा नाही, पण सगळे पार्ट एकाच सालाच्या आसपासचे निघाले तर सायकल मूळ अवस्थेत आहे असं छातीठोक सांगता येतं.

रंगाची घाई करू नका. सगळं घासून पावडर कोटिंग करून आणली की चकाकते खरी, पण मूळ स्टिकर, हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, लगच्या कडा सगळं त्या जाड थराखाली बुजतं आणि जाणकार लोक हळहळतात. क्रोमवरचा गंज साध्या अॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो, बारीक पार्ट ऑक्झॅलिक अॅसिडच्या पातळ पाण्यात ठेवायचे, हातमोजे घालून, हे पुष्कळ झालं. आणि जुन्या फ्रेमवर नवे पार्ट लावले तर काही लोक तोंड वाकडं करतात, करू दे. फक्त काढलेले मूळ पार्ट एका डब्यात नीट जपून ठेवा. इटलीत गायोले इन कियांतीला १९९७ पासून लेरोइका नावाची राइड होते, कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरून, तिथे १९८७ च्या आधीचीच सायकल लागते, गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर, ब्रेकच्या वायरी हँडलच्या बाहेरून, पायडलला पट्ट्याचे क्लिप. तसल्या ठिकाणी जायचं मनात आलं तर तो डबा सोन्याचा.

मग कोणी काय करावं. सपाटीवर रोजचं जवळपासचं जाणं-येणं आणि घरात तीन गिअरवाली किंवा साधी मापाची सायकल आहे, तर उभी करा, रिम आणि रबर बदला. रविवारी लांब जायचं, डोंगर चढायचे, सोबतचे सगळे नव्यावर आहेत आणि तुम्हाला त्यांच्याबरोबर राहायचंय, तर नवी, शक्यतो अॅल्युमिनियमची किंवा नव्या स्टीलची, डिस्क आणि ३२ चे टायर मावतील अशी. कार्बन तेव्हाच जेव्हा तुम्ही आधीच पुष्कळ चालवताय. हाताने काम करायची आवड आहे आणि सहा महिने लागले तरी घाई नाही, तर जुनीच, त्यात दुसरा विचार नको. आवड नाही आणि सगळं दुसऱ्याकडून करून घ्यायचंय, तर नवी, कारण जुन्याच्या बाबतीत मजुरी आणि पार्टची शोधाशोध मिळून नव्याच्या पुढे जायला वेळ लागत नाही आणि मग घरच्यांचं ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

माळ्यावर काहीच नसताना दुसऱ्याची जुनी विकत घेण्याचा मोह झाला असेल तर फोटो मागवताना त्या उजव्या बाजूच्या देखण्या फोटोवर जाऊ नका, सीटपोस्ट बाहेर काढून त्यावरचा आकडा दाखवणारा एक, बॉटम ब्रॅकेटच्या कडेचा एक आणि हेडट्यूबच्या मागचा नळ्यांच्या पोटाखालचा एक, असे तीन मागा. पहिला फोटो यायला फार वेळ लागला किंवा "सीट अशीच बरोबर आहे, काढायची गरज नाही" असं उत्तर आलं, तर दुसरी बघा.